गळ्यातली चिठ्ठी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत चौबे कॉलोनी, रायपूर येथे दिलेले व्याख्यान)



या व्याख्यानमालेत आतापर्यंत संतवाङ्मय, नाट्यसंगीत, भोसल्यांची छत्तीसगडातील राजवट असे भारदस्त विषय झाले. त्यांच्या पंक्तीला आम्ही आज एका टाकून दिलेल्या कुत्रीचा विषय घेऊन बसणार आहोत. कार्यक्रमपत्रिकेत विषय छापून आला तेव्हा काही स्नेह्यांनी भुवया उंचावल्या. एकाने तर विचारले, "सुवर्णमहोत्सवात हे काय?" त्यांना आम्ही म्हटले, ऐकून तर घ्या, हा विषय दिसतो तितका आपल्यापासून दूर नाही.

दूर का नाही, ते आधी सांगतो. आपण येथे जमलेले बहुतेक जण 'बदली' या शब्दाच्या पोटी जन्मलेले आहोत. १७४१ साली नागपूरकर भोसल्यांची फौज भास्कररामांच्या नेतृत्वाखाली रतनपुरावर आली, तिच्या मागोमाग काही घराणी या मुलखात आली. नंतर कचेऱ्या आल्या, रेल्वे आली, शाळा आल्या, भिलाईचा कारखाना आला. कुणाचे आजोबा वर्ध्याहून, कुणाचे वडील अमरावतीहून, कुणी स्वतःच पुण्याहून बिऱ्हाड घेऊन उतरले. बिऱ्हाड हलवताना काय न्यायचे आणि काय मागे ठेवायचे, हा प्रश्न आपल्या घरांना पिढ्यान्‌पिढ्या पडत आला आहे. पाटा-वरवंटा नेतात, देव नेतात, तुळस शेजाऱ्यांना देतात. आणि कुत्रे? कुत्रे पुष्कळदा तेथेच राहते. आजचा विषय त्या मागे राहिलेल्या जिवाचा आहे.

आपल्या परंपरेने कुत्र्याला मोठ्या उंचीवर बसवले आहे. दत्तात्रेयांच्या पायांशी चार श्वान आहेत आणि त्यांना आपण चार वेद मानतो. जेजुरीच्या खंडेरायाबरोबर कुत्रा आहे. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आपल्याला लहानपणीच भेटतात. महाभारताच्या अखेरीस धर्मराज स्वर्गाच्या दाराशी उभा राहून सांगतो की, माझ्या आश्रयाला आलेल्या या कुत्र्याला सोडून मला आत यायचे नाही. परंतु त्याच आपल्या भाषेत 'कुत्र्याच्या मौतीने मरणे' हा शाप आहे. 'कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच' ही म्हण आहे. देव्हाऱ्यात पूज्य आणि दारात हाड्‌हाड्‌, अशी ही दुहेरी वागणूक आहे. त्या म्हणीचा समाचार आपण पुढे घेणारच आहोत.

तत्पूर्वी एक गोष्ट, आणि तीही महाराष्ट्रातली नव्हे, आपण ज्या भूमीचे अन्न खातो तिथली. येथे कुत्र्याला 'कुकुर' म्हणतात, हे आपल्या मुलांना आपल्याआधी कळते. बालोद जिल्ह्यातील खपरी गावी कुकुरदेवाचे मंदिर आहे. ते फणी नागवंशी राजांच्या काळातले, चौदाव्या-पंधराव्या शतकातले, असे मानतात. त्यामागची लोककथा अशी. एका बंजाऱ्याकडे एक इमानी कुत्रा होता. दुष्काळ पडला. कर्ज काढणे भाग पडले आणि तारण म्हणून ठेवायला कुत्र्याखेरीज काही नव्हते. त्याने तो सावकाराकडे गहाण ठेवला. पुढे सावकाराकडे चोरी झाली. चोरांनी माल कुठे लपवला ते कुत्र्याने पाहिले होते. त्याने सावकाराला तेथे नेऊन उभे केले. सावकार प्रसन्न झाला. कर्ज फिटले असे त्याने एका चिठ्ठीत लिहिले, ती कुत्र्याच्या गळ्यात बांधली आणि त्याला मोकळे केले. कुत्रा आनंदाने मालकाकडे धावत आला. बंजाऱ्याला वाटले, हा वचन मोडून पळून आला. त्याने रागाच्या भरात काठी घातली. कुत्रा मेला. मग त्याच्या गळ्यातली चिठ्ठी दिसली. पश्चात्तापाने बंजाऱ्याने त्याची समाधी बांधली, आणि तेथेच पुढे देऊळ उभे राहिले.

या कथेचे तात्पर्य 'इमान' असे सांगून लोक थांबतात. आम्हाला त्यात दुसरेही काही दिसते. चिठ्ठी कुत्र्याच्या गळ्यातच होती. काठी उचलण्यापूर्वी ती वाचायची होती. प्रत्येक उपेक्षित कुत्र्याच्या अंगावर अशी एक चिठ्ठी असते. ती अक्षरांत नसते, कातडीवर असते, चालीत असते, नजरेत असते. ती वाचता येणे हीच त्याच्या पुनर्वसनाची पहिली पायरी.

आमच्या घरी जी कुत्री आली तिचे नाव ठमी. ते आम्ही ठेवले. पूर्वीचे आम्हाला ठाऊक नाही. जवळच्याच एका गल्लीतले भाडेकरू बिऱ्हाड हलवून गेले आणि मागच्या अंगणात, पाण्याच्या टाकीशेजारी, ती साखळीला तशीच राहिली. घर कोणाचे ते सांगण्याचे प्रयोजन नाही. शेजारची एक बाई भिंतीवरून शिळी पोळी टाकी आणि पाणी ओती, म्हणून ती जगली. घरमालकांच्या परवानगीने आम्ही तिला आणले. गेलेल्या मंडळींना दूरध्वनी केला तेव्हा उत्तर आले, "ठेवा, नाहीतर सोडून द्या." एवढ्या चार शब्दांत तिचे मागचे घर मिटले.

तिचे वजन नऊ किलो भरले. तिच्या चणीच्या कुत्रीचे पंधरा-सोळा तरी हवे. लूत लागून पाठीवरचे केस गेलेले, कानांच्या आत गोचिडांचे झुपके. आणि गळ्यात पिलूपणी बांधलेली दोरी. पिलू वाढले, दोरी वाढली नाही. ती मांसात रुतली होती, वरून साखळी अडकवलेली होती आणि जखमेत अळ्या पडल्या होत्या. कुकुरदेवाच्या कथेत चिठ्ठी गळ्यात होती. येथेही ती गळ्यातच होती.

पशुवैद्यांनी भूल देऊन दोरी कापली, अळ्या काढल्या, जखम धुतली. मग त्यांनी जे सांगितले ते आपणा सर्वांच्या उपयोगाचे असल्यामुळे सविस्तर सांगतो. उपाशी प्राण्याला एकदम पोटभर खायला घालू नये. आपला जीव कळवळतो आणि आपण दूधभाताचे पातेले पुढे करतो. परंतु दीर्घ उपासमारीनंतर एकदम भरपूर अन्न गेले तर रक्तातील क्षारांचे संतुलन बिघडून प्राणी दगावू शकतो. म्हणून पहिले काही दिवस थोडे थोडे, दिवसातून पाच-सहा वेळा द्यावे. दूध पुष्कळ मोठ्या कुत्र्यांना पचत नाही. कांदा, लसूण, द्राक्षे, बेदाणे आणि चॉकलेट ही कुत्र्याला विषासमान आहेत. आपल्या घरची फोडणीची उसळ त्याला प्रेमाने वाढू नये. माणसांच्या तापाच्या गोळ्या मनाने देऊ नयेत. आणि लूत लागलेल्या कुत्र्याला गॅरेजमधले जळके ऑइल फासण्याची जी रीत सर्वत्र आहे ती ताबडतोब बंद व्हावी. लूत ही कातडीत घर करणाऱ्या सूक्ष्म किड्यांमुळे होते. तिच्यावर साधी, स्वस्त आणि खात्रीची औषधे आहेत. जळक्या तेलाने कातडी भाजते, आणि कुत्रे अंग चाटते तेव्हा ते विष पोटात जाते. गोचीड रक्त पिऊन थांबत नाही, तापाचे जंतूही देते; म्हणून रक्ततपासणी करावी.

शरीराचे हे सगळे दोन-अडीच महिन्यांत मार्गी लागले. केस आले, वजन भरले. अवघड भाग तो नव्हताच.

आमच्या अंगणात ठमीला आम्ही मोकळे सोडले होते. साखळी नव्हती, दोरी नव्हती. तरीही ती एका कोपऱ्याभोवती सहा फुटांच्या वर्तुळातच फिरे. वर्तुळाच्या कडेला आली की जणू कोणी हिसका दिल्याप्रमाणे थबके आणि मागे वळे. साखळी गळ्यातून निघाली होती, मनातून निघाली नव्हती. अन्न वर्तुळाबाहेर ठेवले तर ती त्याकडे पाहत बसून राही. भूक असूनही पुढे येत नसे.

हे का होते याचा शोध घेताना आम्ही एका प्रसिद्ध प्रयोगापाशी पोहोचलो. १९६७ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. काही कुत्र्यांना टाळता न येणारे विजेचे धक्के दिले. नंतर त्यांना अशा पेटीत ठेवले की मधला बुटका अडसर ओलांडला की धक्का थांबे. इतर कुत्री उडी मारून सुटली. पण आधी असहाय केलेल्यांपैकी बहुतेक तेथेच कण्हत पडून राहिली. प्रयोग क्रूर होता, हे आज कोणीही म्हणेल. परंतु त्याचा उत्तरार्ध फारसा कोणी सांगत नाही. त्या कुत्र्यांना बरे करण्यासाठी त्यांना पट्ट्याला धरून अडसराच्या पलीकडे न्यावे लागले, एकदा नव्हे, पुनःपुन्हा. मग हळूहळू ती स्वतः ओलांडू लागली. आणि जवळजवळ पन्नास वर्षांनी, २०१६ साली, त्याच दोघा शास्त्रज्ञांनी मेंदूच्या नव्या अभ्यासाच्या आधारे आपला जुना सिद्धांत उलटा केला. असहायता शिकली जात नाही, असे ते म्हणाले. दीर्घ यातनेपुढे निपचित होणे ही मेंदूची मूळ प्रतिक्रियाच आहे. शिकावे लागते ते हे, की 'आपल्या हालचालीने काही बदलते.'

बंधुभगिनींनो, पुनर्वसनाचे सारे मर्म या एका वाक्यात आहे. उपेक्षित प्राण्याला लाड नको असतात. त्याला अनुभव हवा असतो की, मी पुढे गेलो तर काही चांगले घडते आणि मागे सरलो तर कोणी ओढत नाही. म्हणून आम्ही ठमीला ओढले नाही. तिची थाळी दररोज चार बोटे पुढे सरकवली. ती आली तर आली. न आली तर थाळी दुसऱ्या वेळी दोन बोटे मागे. घरातल्या सर्वांना सांगितले की, तिच्या डोळ्यांत रोखून पाहू नये, वरून वाकून डोक्यावर हात ठेवू नये, मिठी मारू नये. कुत्रे जांभई देते, ओठ चाटते, मान फिरवते, तेव्हा ते कंटाळलेले नसते. 'मला अवघड वाटते आहे' असे सांगत असते. झाडू उचलला की ती थरथरे, म्हणून काही दिवस झाडलोट ती मागच्या बाजूला असताना होई. लोखंडी फाटकाची साखळी वाजली की ती कोपरा गाठी, म्हणून साखळीला कापड गुंडाळले.

वर्तुळाबाहेर ती पहिल्यांदा आली ती आमच्यापैकी कोणाकडे नव्हे. आमच्या मातोश्रींचे वय ब्याऐंशी, सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या. कुत्रे घरात आणण्याला त्यांचा विरोध होता, आणि "माझ्या वाऱ्यालाही उभे करू नका" असे त्यांनी बजावले होते. थंडीत त्या ओसरीवर उन्हाला पाठ देऊन तांदूळ निवडत बसत. ठमीकडे त्या पाहतही नसत. तिला बोलावत नसत, चुचकारत नसत. एके दिवशी दुपारी पाहिले तर ठमी वर्तुळ ओलांडून ओसरीच्या पायरीशी बसली होती, सुपापासून हातभर अंतरावर. कारण उघड आहे. घरातील आम्ही सर्व तिच्याकडून काहीतरी मागत होतो. ये, खा, विश्वास ठेव. मातोश्री काहीच मागत नव्हत्या. त्यांनी तिला हाकलले नाही. थोड्या वेळाने एवढेच म्हणाल्या, "बस तिथेच, पुढे येऊ नकोस." ती तिथेच बसली. त्यानंतर तो रोजचा नेम झाला. आजही मातोश्री तिला हात लावत नाहीत, आणि सायंकाळी ठमीचे खाणे झाले की नाही हे पहिल्यांदा विचारतात त्याच.

तेव्हा ती शेपटाची म्हण. शेपूट वाकडेच राहते हे खरे. ते वाकडे असणे हाच त्याचा धर्म आहे. पण ते पोटाखाली दडपलेले असणे हा त्याचा धर्म नव्हे. ते आपण केलेले असते, आणि तेवढे आपल्याला उलटवता येते. सगळे उलटते असेही नाही. ठमीच्या गळ्याभोवती केस पुन्हा उगवले नाहीत. मेघ गडगडले की ती आजही पलंगाखाली जाते, आणि दिवाळीचे तीन दिवस आमच्या घरी कोणीतरी तिच्याजवळ बसून असते. दत्तक घेणाऱ्याने हे आधी समजून घ्यावे. एखादा प्राणी तीन आठवड्यांत रुळतो, एखाद्याला वर्ष लागते, एखादा परक्या माणसाला जन्मभर बुजतो.

आता थोडे समाजाकडे वळू. मुक्या जिवांची बाजू घेणे हे पाश्चात्त्यांकडून आलेले फॅड आहे, असे कोणी म्हणतात. इतिहास वेगळे सांगतो. १८३२ साली मुंबईत इंग्रज सरकारने बेवारस कुत्री ठार मारण्याची मोहीम चालवली, कुत्र्यामागे बक्षीस लावले. तेव्हा जून महिन्यात पारशी समाज रस्त्यावर उतरला, हिंदू, जैन आणि मुसलमान त्यांना मिळाले, दुकाने बंद झाली. सरकारला नमते घेऊन कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेण्याचे ठरवावे लागले. त्याच मुंबईत १८७४ साली प्राण्यांवरील क्रौर्याला प्रतिबंध करणारी संस्था निघाली आणि १८८३ साली परळ येथे बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय स्थापन झाले. ते आजही चालू आहे. स्वतंत्र भारतात नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत विधेयक मांडले, त्यातून १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा झाला. त्याच्या अकराव्या कलमाप्रमाणे पाळलेल्या प्राण्याला अन्न, पाणी, निवारा न देणे, अवाजवी आखूड साखळीने बांधणे आणि सबळ कारणाशिवाय सोडून जाणे हे गुन्हे आहेत. शिक्षा मात्र ऐका: पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड. पन्नास रुपयांत आज धड दोन वेळचा चहाही होत नाही. तेव्हा कायद्याच्या धाकावर विसंबून चालणार नाही. हा प्रश्न शेवटी घराघराच्या मनाचा आहे.

मनाचा म्हणून एक अलीकडचे उदाहरण देतो. मुंबईत टाटांच्या 'बॉम्बे हाऊस' या मुख्य कचेरीत रस्त्यावरच्या कुत्र्यांना पूर्वीपासून आश्रय होता. २०१८ साली वास्तूचे नूतनीकरण झाले तेव्हा त्यांच्यासाठी स्वतंत्र खोली ठेवली गेली. त्यांतल्या एकाचे नाव 'गोवा', कारण तो पिलू असताना गोव्यात एका सहकाऱ्याच्या मोटारीत चढून मुंबईपर्यंत आला होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये रतन टाटा निवर्तले, तेव्हा अंत्यदर्शनाच्या रांगेत देशातील मातबरांबरोबर गोव्यालाही आणण्यात आले. एवढ्या मोठ्या उद्योगसमूहाच्या प्रमुखाला रस्त्यावरच्या कुत्र्याची सोबत कमीपणाची वाटली नाही. आपल्याकडे मात्र हजारो रुपये मोजून थंड प्रदेशातले केसाळ पिलू आणतात आणि रायपूरच्या नवतप्यात, पारा पंचेचाळिसाकडे गेला की, ते गच्चीवर धापा टाकत असते. हौस ओसरली की तेही एखाद्या रस्त्यावर दिसते. आपल्या मातीतले गावठी कुत्रे या हवेला सरावलेले, काटक आणि अल्पसंतुष्ट असते. घर त्याला द्यावे.

दुसरी बाजूही नजरेआड करता येणार नाही. कुत्री चावतात. लहान मुलांचे, वृद्धांचे हाल होतात. रेबीज एकदा प्रकट झाला की वाचणे जवळजवळ अशक्य. कुकुरदेवाच्या देवळात श्वानदंश बरा होतो अशी काहींची श्रद्धा आहे. दर्शन जरूर घ्यावे, पण आधी दवाखाना. चावा बसताच जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, हळद-तिखट भरू नये, त्याच दिवशी लस सुरू करावी आणि सर्व मात्रा पुऱ्या कराव्यात. पाळलेल्या कुत्र्याला तीन महिन्यांचे झाल्यावर लस, नंतर पुनर्लस आणि पुढे दरवर्षी. मोकाट कुत्र्यांसाठी २०२३ च्या नियमांप्रमाणे निर्बीजीकरण व लसीकरण करून त्यांना त्याच जागी सोडावे असा मार्ग आखला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधी दिल्ली परिसरातील कुत्री निवाऱ्यांत हलवण्याचा आदेश दिला. अकरा दिवसांनी तो बदलून पिसाळलेली व आक्रमक वगळता इतर कुत्री लसीकरणानंतर मूळ जागी सोडण्यास सांगितले. नोव्हेंबरात शाळा, रुग्णालये, स्थानके यांच्या आवारांबाबत वेगळे निर्देश दिले. वाद चालेल. परंतु कुत्र्यांची भीती वाटणारी आई आणि कुत्र्यांना खाऊ घालणारी आई या दोघींना एकच गोष्ट हवी आहे: रस्त्यावर नवे कुत्रे टाकले जाऊ नये. आणि टाकतो कोण? आपण, घरदार असलेली माणसे.

म्हणून मंडळापुढे दोन लहान सूचना ठेवून आमचे भाषण आवरते घेतो. ज्यांची बदली झाली आहे आणि ज्यांना पाळीव जनावर नेणे खरोखर शक्य नाही, त्यांनी सामान बांधण्याच्या आदल्या दिवशी नव्हे, महिनाभर आधी मंडळात सांगावे. आपली दोन-अडीचशे कुटुंबे मिळून एका जिवाला घर शोधू शकणार नाहीत, असे आम्हाला वाटत नाही. दुसरी सूचना, नव्या गावाहून येथे येणाऱ्या कुटुंबाला आपण जसे पहिल्या दिवशी डबा नेऊन देतो, तसे नव्याने कुत्रे दत्तक घेणाऱ्या घराला पहिले तीन महिने कोणा अनुभवी सभासदाने विचारपूस करावी. दत्तक बहुधा याच काळात मोडतात. केवळ सांगणारे कोणी नसते म्हणून.

या गावाने आपणास एके काळी दारात उभे करून घेतले. आपली भाषा वेगळी होती, चाल वेगळी होती. तरी आपल्याला रुळायला त्याने वेळ दिला. तेवढाच वेळ दारात आलेल्या दुसऱ्या कोणाला देणे आपल्या हाती आहे. ठमीला आमच्या घरी येऊन चार वर्षे झाली. सध्या ती अंगणाच्या फाटकापर्यंत जाते आणि पोस्टमनवर भुंकते. पोस्टमनची तक्रार आहे, आमची नाही.